बेकार कुत्रा

आमच्या कॉलनीत कुत्र्यांविषयी तीन मतं आहेत आणि ती तिन्ही चुकीची आहेत. चौथं मत माझं. ते बरोबर आहे; पण ते माझ्या एकट्याचंच असल्यामुळे कॉलनीच्या सभेत दरवेळी एक विरुद्ध तेवीस अशा फरकानं पडतं. म्हणून आज ते इथं मांडतो. इथं निदान मुद्द्याच्या तोंडावर ‘चहा आला, चहा आला’ म्हणून कुणी उठत नाही.

पहिलं मत वकीलसाहेबांचं. ‘कुत्र्याला धाक पाहिजे.’ त्यांच्या दाराआड वेताची काठी असते. मुलं लहान होती तेव्हाही ती तिथंच होती म्हणतात. मुलं मोठी होऊन परदेशी गेली, काठी राहिली, तेव्हा तिला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी अल्सेशियन पाळला असावा, असा माझा कयास आहे.

दुसरं मत कोपऱ्यावरच्या काकूंचं. ‘सगळा खाण्याचा गुण आहे हो! ते अंडीबिंडी बंद करा, दहीभात सुरू करा. पंधरा दिवसांत गाय होतो की नाही बघा.’

तिसरं मत सर्वांचं, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांचंही. ‘एवढा त्रास देतो, तर शेतावर पाठवून द्या.’ नागपूरच्या मध्यमवर्गीय माणसाला स्वतःचं शेत नसलं, तरी ओळखीतल्या कुणाचं तरी काटोलकडे, कळमेश्वरकडे, सावनेरकडे शेत असतंच. घरात नकोशी झालेली प्रत्येक वस्तू शेवटी तिथं जाते. मोडकी खाट जाते, गंजलेला कूलर जातो, आणि कुत्राही जातो. खाट कुठं गेली हे नंतर कुणी विचारत नाही.

माझं मत चार शब्दांचं आहे. कुत्र्याला आधी फिरवून आणा. वळण लावायला, दटावायला, लाड करायला, सभेत त्याच्याविरुद्ध ठराव करायला मागाहून पुष्कळ वेळ आहे.

हे मत मी जन्मतःच घेऊन आलो नाही. वरची तीनही मतं एकेकाळी माझीच होती, आणि तिन्हींवर मी स्वतःच्या खर्चानं प्रयोग केलेले आहेत.

आमचा ब्रूनो हा मुळात चिरंजीवांचा कुत्रा. लॅब्रडॉर. चिरंजीवांनी तो आणला तेव्हा चपलेच्या खोक्यात मावत होता. ‘बाबा, सगळं मी करीन, तुम्हांला हातसुद्धा लावावा लागणार नाही,’ असं तेव्हा ठरलं होतं. वर्षभरात चिरंजीवांना पुण्याला हिंजवडीत नोकरी लागली. ते एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन गेले, आणि हात लावावा न लागणारा तीस किलोंचा एक प्राणी फाटकाशी बांधलेला राहिला. आमच्या आईला ‘ब्रूनो’ म्हणता येत नाही, ती त्याला ‘वरुण’ म्हणते. तो दोन्ही नावांना सारखाच येत नसे.

त्याच्या गुन्ह्यांची यादी कॉलनीच्या दप्तरात आहे, तेव्हा सगळीच देत नाही. चपलांचं मी धरतच नाही. पण काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या चादरीवर तो एकदा लोळला. दूधवाल्याच्या अंगावर दोन पाय टेकवून त्यानं अख्खी कॅन रस्त्यावर ओतली. ‘काकाजी, ह्याले आवरा न बाप्पा! चावते का काय हा?’ असं दूधवाला फाटकाबाहेरून ओरडायचा आणि मी आतून ‘चावत नाही हो, खेळतो’ असं सांगायचो. हे उत्तर देणारा माणूस नेहमी फाटकाच्या आतच का असतो, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. रात्री तो भुंकत असे. कशावर? तर पानावर, सावलीवर, लांबच्या रेल्वेच्या शिटीवर, आणि यातलं काहीच नसलं तर नसल्यावर.

आणि त्याचा दिवस कसा जात असे? सकाळी आमच्याकडे कामाला येणारा पोट्टा त्याला फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत नेई. अंतर चाळीस पावलं. विधी उरकले की परत चाळीस पावलं. मग दिवसभर साखळी. साखळीची लांबी सहा फूट. संध्याकाळी पुन्हा खांब. याला आम्ही ‘फिरवणं’ म्हणत होतो. हाच न्याय लावायचा तर न्हाणीघरापर्यंत जाऊन येणारा प्रत्येक गृहस्थ प्रवासी म्हणायला हवा.

काकूंचा प्रयोग आधी केला. दहीभात सुरू झाला. ब्रूनोनं तो आनंदानं खाल्ला आणि त्या सात्त्विक ताकदीवर सोफ्याचा डावा हात फाडला. मग वकीलसाहेबांचा प्रयोग. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली. तिच्यानं कुत्रा एकच गोष्ट शिकला : हा माणूस हातात कागद घेऊन आला की पलंगाखाली जायचं. आजही मी विजेचं बिल घेऊन घरात शिरलो की तो पलंगाखाली जातो. तसं बिल पाहून मलाही जावंसं वाटतं, ही गोष्ट निराळी.

त्यानंतर शिक्षक ठेवला. दर रविवारी एक तास. गृहस्थ मोठे कडक, फौजी चालीचे. त्यांनी ‘सिट’ म्हटलं की ब्रूनो बसे, ‘स्टे’ म्हटलं की थांबे. ते फाटकाबाहेर पडले की दोन्ही शब्द त्यांच्याबरोबर निघून जात. तीन महिन्यांनी ते म्हणाले, ‘कुत्रा हुशार आहे, पण लक्ष नाही.’ माझे गणिताचे मास्तर माझ्या बाबतीत शब्दशः हेच म्हणत. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं की, पोराचं लक्ष खिडकीबाहेर आहे, तर खिडकीबाहेर काय आहे? खिडकीबाहेर मैदान होतं.

मग एकच मत उरलं. शेत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. नागपूरहून साठेक किलोमीटर. बोलणं झालं. ‘राखण होईल हो, पाठव,’ असं तो म्हणाला. आमच्या हिनं ब्रूनोची सतरंजी, वाडगं आणि चार पोळ्या एका पिशवीत बांधल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी म्हटलं, ‘अगं, येतेस ना?’ तर म्हणाली, ‘येते, पण माझ्याशी बोलू नका.’ गाडीत बसवल्यावर ब्रूनोला वाटलं, सहलच आहे. सगळी वाट तो खिडकीतून तोंड बाहेर काढून, कान वाऱ्यावर सोडून, जीभ लोंबवत बसला होता. घरात दोन वर्षांत इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. न्यायला निघालेल्या माणसानं असं तोंड पाहू नये.

बागेत रखवालदार होता. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, ‘याच्या आधी कुत्री होती ना तुमच्याकडे?’

‘होती न जी, दोन होती.’

‘कुठं गेली?’

‘एक बिबट्यानं नेलं. दुसरं दिवाळीत फटाक्याले भिऊन जे पयालं, ते काही वापस आलं नाही.’ एवढं सांगून तो ब्रूनोसाठी साखळी शोधायला गेला.

साखळी सापडेपर्यंत ब्रूनो मोकळा होता. तो पळाला. पळून गेला नाही, नुसता पळाला. संत्र्याच्या दोन ओळींमधून सरळ गेला, टोकाला वळला, परत आला, पुन्हा गेला. प्रत्येक झाडाचं बूड हुंगलं. शेततळं दिसल्यावर त्यानं कुणाला न विचारता उडी मारली आणि जणू जन्मभर हेच करत आल्यासारखा पोहू लागला. तास-दीड तास हे चाललं होतं. मग तो निथळत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी सवयीनं म्हटलं, ‘सिट.’

तो बसला.

मला वाटलं, दमून बसला असेल. मी चार पावलं मागं गेलो, म्हटलं, ‘स्टे.’ तो थांबला. ‘कम’ म्हटलं, तर आला. दोन वर्षं मी या कुत्र्याशी बोलत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिक्षकांनी शिकवलेलं सगळं त्याच्या डोक्यात जागच्या जागी होतं. फक्त ते वापरण्याइतकी उसंत त्याच्या अंगानं त्याला कधी दिली नव्हती.

रखवालदार साखळी घेऊन आला. थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘साहेब, कुत्रं वाईट नाही जी. त्याले पयाले भेटत नाही, म्हून ते तुमच्या घरात पयते.’

हिनं पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसली. परत येताना ती माझ्याशी बोलली.

तेव्हा पहिला मुद्दा मी त्या रखवालदाराच्याच वाक्यावर उभा करतो, कारण त्याहून चांगलं वाक्य मला एवढी पुस्तकं वाचून सापडलेलं नाही. आपण कुत्र्याला ‘बेकार’ म्हणतो. शब्द अगदी बरोबर आहे, अर्थ चुकीचा लावतो. तो वाईट या अर्थानं बेकार नाही, तो कामधंदा नसलेला या अर्थानं बेकार आहे.

आणि धंदा काही थोडाथोडका नव्हता. लॅब्रडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रात कोळ्यांच्या दोऱ्या आणि जाळी ओढत, पुढं इंग्लंडात ते शिकाऱ्यांनी पाडलेली बदकं पाण्यातून उचलून आणू लागले. अल्सेशियन हा जर्मनीतला मेंढ्या राखणारा. दिवसभर कळपाभोवती फेऱ्या घालायच्या हा त्याचा पिढीजात व्यवसाय. ठिपक्यांचा डाल्मेशियन घोडागाडीबरोबर मैलोन् मैल धावायचा. हस्की सैबेरियात बर्फावरची गाडी ओढायचा. आपल्या शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ हाउंड सशामागं सुटायचा. पिढ्यान् पिढ्या माणसानंच निवडून निवडून त्यांच्या अंगात हे भरलं. आणि मग यांतल्या एकाला आणून लक्ष्मीनगरात किंवा मनीषनगरात दोन खोल्यांच्या गॅलरीत ठेवायचं आणि तक्रार करायची की, हा स्वस्थ बसत नाही! मुंबईचा माटुंग्याचा हमाल आणून त्याला वाचनालयात बसवावं आणि तो खुर्च्या हलवतो म्हणून आश्चर्य करावं, त्यातला हा प्रकार. हस्की पाळणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही. २३ मे २०१३ रोजी ज्या नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या नागपुरात बर्फावरचा कुत्रा ठेवणारा माणूस उद्या उंट घेऊन काश्मीरला जाईल.

भुंकणं, उकरणं, चावणं, उड्या मारणं हे त्याचे दुर्गुण नव्हेत. त्याला आपण व्यायाम दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच काढलेला तो व्यायाम आहे. सोफा हे त्याचं तालीमखान्यातलं मल्लखांब होतं, हे कळायला मला सोफा द्यावा लागला.

आता विरुद्ध पक्षाचं ऐकू. वकीलसाहेब म्हणतात, ‘आमचं अंगण केवढं मोठं आहे! त्याला फिरायला कशाला न्यायचं?’ अंगण मोठं असेल. पण कुत्रा त्यात करतो काय? फाटकाशी बसून वाट पाहतो. आपल्याला कुणी घरातल्या घरात ‘हॉल मोठा आहे, फिर’ म्हटलं, तर आपण किती फिरतो? कुत्र्याचं फिरणं निम्मं पायांचं आणि निम्मं नाकाचं असतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे पिल्लं झाली, ही सगळी बातमी त्याला खांबाखांबावर मिळते. वकीलसाहेब स्वतः सकाळी ‘हितवाद’ वाचल्याशिवाय दाढी करत नाहीत आणि त्यांच्या राजाला मात्र गेली सहा वर्षं एकाच जुन्या अंकावर बसवून ठेवलंय.

दुसरा आक्षेप, ‘आम्ही माणूस ठेवला आहे.’ हा माणूस मी पाहिलेला आहे. तो पानठेल्यावर मोबाइलमध्ये मान घालून उभा असतो आणि कुत्रा त्याच्या पायाशी बसलेला असतो. दोघंही अर्ध्या तासानं घरी परततात. फिरून आल्याची नोंद होते.

तिसरे धाडसी लोक. हे स्कूटर काढतात, कुत्र्याची साखळी हातात धरतात आणि फुटाळ्याच्या रस्त्यानं सुटतात. त्यांना हा व्यायाम वाटतो. कुत्र्याला हुंगता येत नाही, थांबता येत नाही, दमलो म्हणता येत नाही. तोल गेला तर दोघंही चाकाखाली. याला व्यायाम म्हणायचं तर पोलिसांच्या गाडीमागं धावणाऱ्या आरोपीलाही खेळाडू म्हणावं लागेल.

चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ‘नुसतं पळवून कुत्रा शहाणा होत नाही.’ होत नाहीच. नुसता पळवलेला कुत्रा हा जास्त दमदार गुंड होतो, एवढंच. व्यायाम म्हणजे वळण नव्हे. जमीन नांगरली म्हणजे ज्वारी आली असं होत नाही; पण न नांगरता बी फेकलं, तर ते चिमण्यांचं, हेही तितकंच खरं. शाळेतला पोरगा मैदानावरून घाम गाळून आला की त्याला कविता पाठ होते असं नाही. पण बाक तरी मोडत नाही. मास्तरांना सुरुवात करायला जागा मिळते. आपल्याकडे बहुतेक लोक ही जागाच न करता रविवारचा शिक्षक बोलावतात, आणि मग शिक्षकाला, कुत्र्याला, जातीला, ग्रहांना दोष देतात.

आणि फिरणं ही स्वतःच एक शाळा आहे. ब्रूनो आधी मला ओढत नेई. कॉलनीतली पोरं विचारत, ‘काका, कोण कोणाला फिरवून राहिलं?’ मी जोर लावून त्याला मागं खेचायचो, तो जोर लावून पुढं. लोक म्हणत, जिद्दी आहे. जिद्दी कसला! तो ओढत होता आणि ओढलं की खांब येत होता. म्हणजे ओढणं हेच खांबाकडे जाण्याचं साधन आहे, हे त्याला मीच शिकवत होतो. मग मी युक्ती बदलली. पट्टा ताणला गेला की उभं राहायचं. बोलायचं नाही, ओढायचं नाही, झाड व्हायचं. पट्टा सैल पडला की चालायचं. पहिल्या दिवशी घरापासून पानठेल्यापर्यंत यायला आम्हांला पाऊण तास लागला, आणि पानठेलेवाल्यानं माझ्या तब्येतीची आस्थेनं चौकशी केली. तीन आठवड्यांत पट्टा सैल झाला. काठी नाही, आरडाओरडा नाही. त्याला हवं होतं ते चालणं, आणि तेच त्याचं बक्षीस.

आमचा क्रम आता असा आहे. उन्हाळ्यात पहाटे पाचला बाहेर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; जो काही येतो तो पंजांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. त्यामुळे मे महिन्यात नागपूरच्या डांबरावर सकाळी नऊला कुत्रा नेणं म्हणजे त्याला तव्यावर फिरवणं होय. संशय असेल तर हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही टेकवत नाही. फक्त तो बोलत नाही. संध्याकाळी दिवेलागण होऊन रस्ता निवल्यावर पुन्हा. सकाळी तास-सव्वा तास, सेमिनरी हिल्सच्या चढावरून, हुंगायला भरपूर थांबत. घरी आलो, तो पाणी प्याला, जरा निवांत झाला की दहा मिनिटं अभ्यास : बस, थांब, ये, टाक. प्रत्येक उत्तराला पोळीचा तुकडा. दहाच मिनिटं. अकराव्या मिनिटाला माझंच लक्ष उडतं. पिल्लांना मात्र असं दामटू नये, त्यांची हाडं कोवळी असतात. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला त्याच्या चालीनं चालू द्यावं, जशी आपण आपल्याला मुभा देतो.

याचा गुण आला का? आला. भुंकणं संपलं नाही, पण त्याला आता कारण लागतं. दूधवाला फाटकाच्या आत येतो. आईनं ‘वरुण’ म्हटलं की तो जातो. मागच्या जुलैत सलग सहा दिवस झड लागली होती, बाहेर पडता आलं नाही. सातव्या दिवशी माझा डावा बूट सापडला, उजवा नाही. याहून स्वच्छ पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळायचा? दिवाळीत मात्र फटाक्यांनी तो अजूनही कापतो. भीती पळवून पळत नाही. तिथं आणि दुखण्याखुपण्यात गुरांच्या डॉक्टरकडेच गेलं पाहिजे. आपल्या सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. काठी दाराआडच राहू द्यावी.

या सगळ्यात माझंही वजन उतरलं असेल, असा वाचकांचा समज होणं साहजिक आहे. उतरलं नाही. परतीच्या वाटेवर तर्री-पोह्यांची गाडी लागते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम वकीलसाहेबांसाठी राखून ठेवला होता. मंडळी, कुत्र्याला फिरवणं ही हौस नाही. तो कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा काढून बघा. त्याच्या अकराव्या कलमात कामाला अयोग्य झालेल्या जनावराला जुंपणं, मारणं, उपाशी ठेवणं या क्रूरतांच्या यादीत हेही लिहिलं आहे की, जो कुत्रा नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेला असतो, त्याला मालकानं वाजवी व्यायाम दिला नाही किंवा दुसऱ्याकडून देवविला नाही, तर तो गुन्हा होय. आखूड साखळीनं गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा आणखी वेगळा गुन्हा.

या कायद्याच्या मुळाशी कोण होतं? रुक्मिणीदेवी अरुंडेल. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या, कलाक्षेत्राच्या संस्थापक. १९५२ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. पुढं सरकारनं स्वतःच कायदा केला, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ज्या बाईनं रोजचा रियाज चुकवला तर अंग ऐकत नाही हे जन्मभर शिष्यांना शिकवलं, तिच्या प्रयत्नातून निघालेल्या कायद्यात कुत्र्याचा रियाज यावा, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आणि कायद्यानं ठेवलेला दंड? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. त्या रकमेत आज गाडीवरची पोह्यांची एक प्लेटही धड येत नाही. हा दंड भरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे मी मागच्या सभेत बोललो. विषय गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचा होता. त्यावर आपलं शहर पुष्कळ बोलतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या खंडपीठानं, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खायला घालायचंय त्यांनी ती दत्तक घ्यावीत, असा आदेश दिला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि ती चर्चा आमच्या गच्चीवर अजून चालू आहे. मी उठून म्हटलं, ‘मोकाट कुत्र्यांचं काय करायचं ते कोर्ट बघेल. आपण बांधलेल्यांचं बघू या. गल्लीतला कुत्रा निदान चालतो. मोटारी थांबलेल्या पाहून रस्ता ओलांडतो. आपले कुत्रे साखळी सुटली की चाकाखाली येतात.’ आणि कलम वाचून दाखवलं. सगळे हसले. वकीलसाहेबही मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘हे कलम मी तीस वर्षांत कुठल्या खटल्यात पाहिलं नाही.’ मी म्हटलं, ‘साहेब, मी सकाळी जातोच आहे. राजाला बरोबर नेतो.’ ते म्हणाले, ‘बघू. पाऊस संपू द्या.’ चहा आला.

माणूस वाईट नाही. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोनला यांनीच गाडी काढली होती. राजावरही त्यांचा जीव होता. त्याच्यासाठी खास गारेगार फरशी बसवून घेतली होती. फक्त त्या फरशीवरून तो सहा वर्षांत उठला नाही.

पाऊस संपला. एका सकाळी मी फाटकाशी गेलो, तर साखळी होती, राजा नव्हता. रात्री फार भुंकायचा, समोरच्यांनी पुन्हा तक्रार केली होती.

‘शेतावर पाठवला,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘मजेत आहे.’

मी विचारलं, ‘कुणाच्या शेतावर?’

ते यंदाच्या पावसाबद्दल बोलू लागले.

साखळी अजून तिथंच आहे. फरशीही आहे. रोज पहाटे आम्ही तिथून जातो तेव्हा ब्रूनो त्या फाटकाशी थांबतो, हुंगतो आणि माझ्याकडे बघतो. मी पट्टा ओढत नाही, वाट पाहतो. त्याचं झालं की आम्ही चढाला लागतो.

पन्नास रुपये दंड आहे. पुढच्या सभेत मी एवढंच विचारणार आहे की, पावती कुणाच्या नावानं फाडायची? त्या वेळी चहा आला तरी मी उठणार नाही.